खुले पत्र: आमच्या घराचा पत्ता आम्हाला परत द्या

प्रति,
मुंबईत घरोघरी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक व नेटवर्क विभागप्रमुख

विषय: ग्राहकाला न विचारता काढून घेतलेला पब्लिक आयपी (घराचा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) आणि त्यासोबतच्या तक्रारी

स.न.वि.वि.

कस्टमर केअरला सात वेळा फोन करून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलोय. माझ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या महिनाभरात ऑफिसात, इमारतीत, लोकलच्या डब्यात ज्यांच्याशी या विषयावर बोललो त्यांतल्या बहुतेकांची कंपनी वेगळी होती, पण रड तीच होती. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. आणि दर महिन्याला तुमचं बिल भरणाऱ्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

आधी माझं काय बिघडलं ते सांगतो.

लालबागला आमची चाळ होती. तीन मजले, मजल्यावर सोळा खोल्या, टोकाला नळ. २०१६ साली पुनर्विकासात ती पाडली. आम्ही बरोबरीची पोरं तोपर्यंत पांगायला लागलोच होतो. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, दोघं खारघरला, एक पुण्याला हिंजवडीत. मी भांडुपला आलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरी अडकलेले असताना आमच्यातल्या एकाने सुचवलं की माइनक्राफ्टमध्ये चाळ बांधूया. माइनक्राफ्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या गेममध्ये सगळं जग एक-एक मीटरच्या ठोकळ्यांचं असतं, आणि ते ठोकळे रचून हवं ते उभं करता येतं. आम्ही अकरा जणांनी चार महिने रात्री जागून चाळ उभी केली. जिन्याची तिसरी पायरी तुटलेली होती, ती तुटलेलीच ठेवली. नळासमोर हंड्यांची रांग लावली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात तुळस लावली. एका मित्राचे वडील नंतर गेले; त्यांच्या खोलीबाहेर गॅलरीत त्याने एक खुर्ची ठेवलीय, तिथे दुसरं कुणी काही ठेवत नाही.

ही चाळ आता जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या घरी, टीव्हीखालच्या कपाटात, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेल्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर. गेमचा सर्व्हर मी स्वतः चालवतो, नाव ‘गॅलरी’. दर शनिवारी रात्री दहाला सगळे यायचे. राउटरमध्ये २५५६५ नंबरचं पोर्ट उघडं ठेवलं की बाहेरून आत येता येतं, एवढीच काय ती तांत्रिक करामत.

गेल्या महिन्यात एका शनिवारी कुणालाच आत येता येईना. मी राउटरच्या पानावर गेलो. कंपनीकडून मिळालेला पत्ता जिथे दिसतो तिथे १००.७२ ने सुरू होणारा आकडा होता. ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या वेबसाइटवर पाहिलं तर तिथे भलताच. ज्याला हे कळतं त्याला दोन आकडे पाहताच उलगडा होतो: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रांग २०१२ मध्ये खास सीजीनॅटसाठी, म्हणजे अनेक घरांना एकाच पत्त्यामागे ठेवण्याच्या पद्धतीसाठी, राखून ठेवलेली आहे. म्हणजे माझ्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता राहिलेला नव्हता. आमच्यासारखी कित्येक घरं एकाच पत्त्यामागे कोंबली गेली होती. बाहेर जाणारं सगळं जातं, पण बाहेरून कुणी दार ठोठावलं तर ते कुठल्या घराचं हे तुमच्या यंत्रालाही माहीत नसतं, आणि ते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) तिथेच टाकून दिलं जातं.

फोनवर झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतंय.

“सर, यूट्यूब चालतंय का?”
“चालतंय.”
“व्हॉट्सअ‍ॅप?”
“चालतंय.”
“मग सर, नेट तर चालू आहे.”

त्या मुलाचा दोष नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जेवढं लिहिलंय तेवढंच तो विचारणार. पण ती स्क्रीन ज्यांनी बनवली त्यांच्याशी माझं भांडण आहे, कारण त्यांच्या लेखी ग्राहक म्हणजे फक्त बघणारा. इंटरनेट म्हणजे केबल टीव्ही नाही. टीव्हीची वायर घरात यायची, घरातून बाहेर काही जायचं नाही. इंटरनेट मात्र पहिल्यापासून दोन्ही बाजूंचं आहे. त्यावरचं कुठलंही यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राला हाक मारू शकतं, या एका कल्पनेवर ते उभं राहिलं. तुम्ही माझ्याकडून अर्धा रस्ता काढून घेतलात, आणि भाडं पूर्ण घेताय.

तुमची अडचण मला ठाऊक नाही असं नाही. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा वाटून संपला, आणि दोनच महिन्यांत आशिया-पॅसिफिकची पोतडीही तळाला गेली. प्रत्येक घराला एकेक पत्ता पुरणार नाही हे मान्य. पण त्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असतो. प्रत्येक घराला काय, घरातल्या प्रत्येक बल्बला पत्ता देता येईल इतके पत्ते त्यात आहेत. आपल्या देशातली मोबाइल नेटवर्कं या बाबतीत जगात पुढच्या रांगेत आहेत. माझ्या खिशातल्या फोनला आयपीव्ही६ मिळतो. त्याच माणसाच्या घरातल्या फायबरला मिळत नाही, आणि विचारलं की “ते आपल्याकडे नसतं सर” असं उत्तर येतं. टंचाई आहे म्हणून पत्ता काढून घ्यायचा, टंचाई संपवणारी गोष्ट द्यायची नाही, आणि काढून घेतलेला पत्ता ‘स्टॅटिक आयपी’ म्हणून महिन्याला वेगळे पैसे लावून परत विकायचा. यात मला माझी फसवणूक दिसते.

मला दोघातिघांनी सुचवलं की बाहेर सर्व्हर भाड्याने घे. घेता येईल. मी ते काम रोज करतो, मला चार तासही लागणार नाहीत. पण माझं यंत्र माझ्या घरात आहे, वीज माझी आहे, फायबरचं भाडं मी भरतोय, आणि गेली पाच वर्षं हे सगळं चाललं होतं. ते तुम्ही एका रात्रीत बंद केलंत, साधा एसएमएससुद्धा न पाठवता. प्लॅन महाग करताना तीन-तीन मेसेज येतात.

आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं दुखणं नाही. आमच्या विंगमधला अकरावीतला मुलगा कन्सोलवर खेळतो. त्याला महिनाभर मित्रांचा आवाज येत नाही, खोली तयार केली तर कुणी आत येऊ शकत नाही. सेटिंगमध्ये ‘नॅट टाइप: स्ट्रिक्ट’ दिसतं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडतायत. त्याच्या वडिलांनी नवा राउटर आणला, पैसे फुकट गेले, कारण अडथळा त्यांच्या घरात नव्हताच. एका पत्त्यामागे अनेक घरं असली की त्यातल्या कुणी गेममध्ये चीटिंग केली आणि त्या पत्त्यावर बंदी आली, तर शिक्षा शेजाऱ्यांनाही होते. साधी वेबसाइट उघडताना दर वेळी ट्रॅफिक सिग्नलचे फोटो ओळखत बसावं लागतं ते बऱ्याचदा याच कारणाने.

आता दुसरी तक्रार. ही माझ्या बायकोची आहे, पण माझ्याहून मोठी आहे.

ती घरून ऑनलाइन तबला शिकवते. विद्यार्थी रत्नागिरीला आहेत, नाशिकला आहेत, एक मुलगी न्यू जर्सीत आहे. तीनताल शिकवताना मूल वाजवतं, ती ऐकते: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. संध्याकाळी सात-आठनंतर तुमची लाइन अशी होते की मधला एखादा ‘धिं’ येतच नाही. मुलाने चुकवला की वायरने खाल्ला, हे तिला कळायला मार्ग नसतो. मध्यंतरी नाशिकच्या एका नऊ वर्षांच्या मुलाला तिने सलग तीन तास एकाच जागी अडवलं. “तिसऱ्या मात्रेला हात का थांबतो तुझा?” असं सारखं टोकलं. शेवटी त्याच्या आईने घरी फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवलं. मुलगा अगदी बरोबर वाजवत होता. त्या रात्री ती जेवली नाही.

त्या वेळी मी स्पीड टेस्ट केली. शंभर एमबीपीएस. तुमच्या जाहिरातीत होता तेवढाच, पूर्ण.

खरी गोम इथेच आहे. तुम्ही फक्त तो एक आकडा विकता, आणि शंभराचे दोनशे झाले तरी हरवलेला ‘धिं’ परत येत नाही. किती पॅकेट गळतात, एकाला पोचायला किती वेळ लागतो, तो वेळ किती खाली-वर होतो, घरातून बाहेर किती वेगाने पाठवता येतं, यातलं एकही तुमच्या पत्रकावर नसतं. सरकारी व्याख्येनेही तुम्हाला मोकळं सोडलंय. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, पुढे ५१२ झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही वेळा मोजला तो डाउनलोडचा वेग. घरून शिकवणाऱ्या, घरून डॉक्टरकी करणाऱ्या, घरून आवाज पाठवणाऱ्या माणसाचा त्यात विचारच नाही.

गेमिंगवाल्यांना हे आधीपासून माहीत आहे, कारण आम्हाला मिलिसेकंदांत हरावं लागतं. आमचा एक नेहमीचा शूटर गेम आहे, त्याचा सर्व्हर इथे मुंबईतच आहे. दुपारी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ६ मिलिसेकंद असतो. रात्री साडेनऊनंतर तोच ८५. मी ट्रेसरूट चालवून पाहिलं, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं त्याची यादी काढली. भांडुपहून निघालेलं पॅकेट सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येत होतं. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. नुसतं जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद गेले, आणि उत्तर त्याच वाटेने आलं की दुप्पट. जगातला कुठलाही महाग प्लॅन हे अंतर कमी करू शकत नाही. ते कमी होतं तुम्ही शहरातल्या शहरात एकमेकांशी नीट जोडलेले असलात तरच. देशातलं ट्रॅफिक देशातच फिरावं म्हणून निक्सी ही संस्था २००३ पासून काम करते आहे, कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडणारं तिचं एक्स्चेंज मुंबईत आहे. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात, मोठमोठी डेटा सेंटर इथे आहेत, देशाच्या इंटरनेटचा मोठा भाग या शहरातून आत येतो. आणि त्याच शहरात भांडुपचं पॅकेट सिंगापूरमार्गे येतं, कारण गर्दीच्या वेळी तुम्हाला तो मार्ग स्वस्त पडतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. पैशांच्या गेमनी कुटुंबं बुडालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे बंदीचं मला दुःख नाही, आणि मान्यतेचा आनंद आहे. पण मैदान तुमच्या हातात आहे. डोंबिवलीच्या मुलीने घरून सराव करायचा, तर रात्री दहाला तिचा पिंग कोरियातल्या मुलीसारखा नसला तरी चालेल, निदान तिच्याच दुपारच्या पिंगसारखा हवा.

राउटरबद्दल थोडक्यात. घरात कुणाचे फोटो बॅकअपला चढायला लागले की व्हिडिओ कॉल तुटतो. याला बफरब्लोट म्हणतात: राउटरमध्ये पॅकेटांची लांबच लांब रांग लागते आणि आवाजाचं पॅकेट फोटोंच्या मागे अडकतं. ही रांग शहाणपणाने लावणारं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये २०१२ पासून फुकट आहे. तुम्ही दिलेल्या राउटरमध्ये ते चालू करता येत नाही, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलता येत नाही, तुमचा राउटर ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याला नुसता मधला पूल करून, स्वतःचा राउटर लावतो म्हटलं तर पासवर्ड देत नाही. माझ्या घरातल्या यंत्राची किल्ली मला द्या.

तिसरी तक्रार पावसाळ्यातली आहे आणि ती मुंबईकराला समजावून सांगायला नको. जुलैत आमच्याकडे रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू असताना फायबर तुटली. तीन दिवस नेट नव्हतं. तीनही दिवस ॲपवर ‘आपल्या भागात कोणतीही अडचण नाही’ असं हिरव्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, विशीतला असेल. भर पावसात शिडी घेऊन झाडावरून, पत्र्यावरून वायर शोधत फिरला. भिजलेल्या हातांनी फोन काढून म्हणाला, “दादा, ओटीपी द्या ना. काम उद्या करतो, पण आज तक्रार बंद नाही केली तर माझे पैसे कापतात.” मी दिला. त्याच्याकडे बघून नाही म्हणवलं नाही. तुमच्या नोंदीत ती तक्रार चोवीस तासांत सुटली. प्रत्यक्षात अजून दोन दिवस गेले. तुमचे चांगले दिसणारे आकडे असे त्या मुलाच्या पगारातून आणि आमच्या भिडेतून तयार होतात. हे थांबवा.

भरपाईचं म्हणाल तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये दर्जाचे नवे नियम आणले, त्यात जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा ठप्प झाली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ आहे. चांगलं पाऊल आहे. पण आमचा जिल्हा म्हणजे मुंबई उपनगर: वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत. भांडुपच्या एका गल्लीतली तुटलेली फायबर त्या मापात कधीच बसणार नाही. तो नियम बसत नसला तरी तीन दिवसांचे पैसे परत करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

याच जागी सोसायटीच्या कमिट्यांनाही एक विनंती. एका कंपनीकडून वर्षाकाठी ठरावीक रक्कम घेऊन दुसऱ्या कुणाची वायर गच्चीवरून येऊ न देणं बंद करा. त्या रकमेतून गेटला रंग लागतो, आणि दीडशे घरांना कंपनी बदलण्याचा हक्क राहत नाही.

माझ्या मागण्या अशा:

सीजीनॅटवर टाकण्याआधी तीस दिवस लेखी कळवा. ज्या ग्राहकांकडे आधीपासून पब्लिक आयपी होता त्यांनी मागितला तर तो जादा पैसे न घेता परत द्या.

प्रत्येक घरगुती जोडणीवर आयपीव्ही६ चालू करा, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत होईल ते जाहीर करा. हे झालं तर पहिल्या मागणीची गरजही हळूहळू संपेल.

प्लॅन विकताना एका पानावर सगळं लिहा: डाउनलोड, अपलोड, गर्दीच्या वेळचा नेहमीचा पिंग, पॅकेटगळती, सीजीनॅट आहे की नाही, आणि ‘अमर्यादित’ म्हणजे महिन्याला किती जीबी. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना असं लेबल लावावं लागतं, त्यात नेहमीचा लेटन्सीही (पोचायला लागणारा वेळ) द्यावा लागतो. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापलेलं असतं.

मुंबईतल्या मुंबईत जाणारं ट्रॅफिक मुंबईबाहेर पाठवू नका, रात्री दहालाही.

ग्राहकाला ब्रिज मोड द्या. काम झाल्याशिवाय ओटीपी मागू नका, आणि त्यावर कामगाराचे पैसे कापू नका. चोवीस तासांवर बंद राहिलेल्या प्रत्येक जोडणीचे त्या दिवसांचे पैसे आपोआप वळते करा, मग ती एकाच घराची असो.

पत्र लिहून काय होतं, असं मला घरीही विचारलं. २०१५ साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखी वागणूक मिळावी म्हणून, ट्रायला दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यातला एक माझा होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचा वेगवेगळा दर लावायला बंदी केली. त्या दिवशी ऑफिसात मी पेढे वाटले होते. या पत्राची एक प्रत ट्रायलाही पाठवतो आहे.

लेखी उत्तराची वाट पाहतो. तोवर कपाटातलं यंत्र मी बंद केलेलं नाही. शनिवारी रात्री दहाला घरच्या वायफायवरून मी एकटा आत जातो, गॅलरीतल्या मशाली विझत नाहीत तरी एकदा फिरून बघतो, आणि बाहेर येतो. बाकीचे दहा जण अजून खालीच उभे आहेत.

कळावे,
आपला,
भांडुपचा एक ग्राहक